पाय उचलला आणि गाडी फिरली

जुलै २०२४ मधली रविवारची सकाळ होती. इंदूरहून निघून सिमरोल मागे टाकलं आणि भेरूघाट उतरायला लागलो. पाऊस थांबून अर्धा तास झाला असेल, रस्ता ओला होता पण पाणी साचलेलं नव्हतं. गाडी मित्राची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार, मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना देणारी, नुकतीच सेकंडहॅंड घेतलेली. एका उजव्या वळणावर पुढे अचानक ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली. मित्राने ब्रेकला हातसुद्धा, म्हणजे पायसुद्धा, लावला नाही. फक्त एक्सलरेटरवरचा पाय झटकन उचलला. पुढच्या क्षणी माझ्या खिडकीतून दरी दिसली, मग आम्ही जिथून आलो तो चढ दिसला, आणि गाडी इंदूरकडे तोंड करून कठड्यापासून दोनेक हातांवर उभी राहिली. इंजिन बंद पडलेलं. पाय उचलला तेव्हा काट्यावर वेग होता चाळीसच्या आसपास.

कुणाला खरचटलंही नाही. पण घरी परतेपर्यंत मित्र एकच वाक्य बोलत होता, "अरे, मी काहीच केलं नाही."

महागड्या स्पोर्ट्स कार दुभाजकावर चढल्याचे व्हिडिओ अधूनमधून सगळ्यांच्याच फोनवर येतात. चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत निकाल लागतो: प्यायला असेल, पैशाचा माज असेल. कधी ते खरंही असतं. पण अनेकदा चालवणारा शुद्धीत असतो, फार वेगातही नसतो, आणि आपल्याकडून काही चूक झाली हे त्याला मनापासून पटत नाही. पीथमपूरच्या एका कारखान्यात सस्पेन्शनच्या कामात माझी वीस वर्षं गेली. तरी त्या सकाळी शेजारच्या सीटवर बसून मला जे समजलं, ते कागदावरच्या आकड्यांतून कधी समजलं नव्हतं. ते इथे उलगडून सांगतो.

चार तळहात

गाडी कितीही मोठी असो, ती रस्त्याला टेकलेली असते चारच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी टेकलेला रबराचा तुकडा साधारण तळहाताएवढा असतो. स्पोर्ट्स कारचे टायर रुंद म्हणून तळहात थोडा रुंद, एवढाच फरक. दीड टनाची गाडी पळवायची, थांबवायची, वळवायची, हे सगळं काम त्या चार तळहातांचं. त्यांच्या धरून ठेवण्याला आपण पकड म्हणू.

ही पकड म्हणजे टायरचा महिन्याचा पगार समजा. शंभर रुपये. त्यातूनच वळायचा खर्च, त्यातूनच ब्रेकचा, त्यातूनच वेग वाढवण्याचा. उधार मिळत नाही. फक्त हिशेब साध्या बेरजेचा नसून पायथागोरसचा आहे, कारण वळण्याचा जोर आडवा लागतो आणि ब्रेक-एक्सलरेटरचा उभा. वळायला ८० रुपये गेले तर उभ्या कामासाठी २० नाही, चक्क ६० उरतात. म्हणून रोजच्या रस्त्यावर सगळं निवांत वाटतं. पण वळायला ९८ गेले असतील, तर उरतात जेमतेम २०. काठाजवळ गेल्यावर पैसा असा झपाट्याने संपतो, आणि संपत आल्याची चिठ्ठी चालवणाऱ्याला कुणी देत नाही. एकविसावा रुपया मागितला की टायर घसरायला लागतो.

आता हा पगारही ठरलेला नाही. टायरवर जेवढं वजन दाबलेलं असेल त्यावर तो वर-खाली होतो. ओल्या फरशीवर चालताना आपण पाय दाबून टाकतो ना, तसंच. वजन वाढलं की पकड वाढते, वजन उचललं की पकड कमी होते. आणि गाडीतलं वजन एका जागी बसत नाही.

वजन कुठे जातं?

सिटी बसमध्ये उभ्याने प्रवास केलेल्याला हे शिकवावं लागत नाही. ब्रेक लागला की सगळे पुढे झुकतात, बस सुटली की मागे. गाडीचंही तसंच होतं. १५०० किलोची गाडी, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, असं धरू. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर मागच्या चाकांवरचं २४० किलोच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर जातं. निम्मं-निम्मं वजन असलेल्या गाडीत मागच्या चाकांवर ७५० किलोंतले ५१० उरतात. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गेलं.

पण मित्राने ब्रेक कुठे दाबला होता? त्याने फक्त पाय उचलला.

खालच्या गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरत असताना पाय एकदम उचलला की इंजिनच ब्रेकचं काम करतं. आधी एक्सलरेटर दाबलेला असताना वजन थोडं मागे बसलेलं होतं, ते आता पुढे पळतं. या उलटापालटीत शंभर किलो सहज इकडचे तिकडे होतात. वर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनचा हा ब्रेक फक्त मागच्याच चाकांना लागतो. म्हणजे मागच्या टायरचा पगार कापला आणि त्याच क्षणी त्याच्याच माथी नवा खर्च मारला. वळणात आधीच ९५-९८ खर्च करत असलेला टायर दुसरं काय करणार? तो आडवा सरकतो.

मागची चाकं अशी बाहेर सरकून गाडीचं तोंड हवं त्यापेक्षा जास्त आत वळणं, याला ओव्हरस्टीअर म्हणतात. आपल्या बोलीत, गाडी मागून सुटली. याच्या उलट पुढची चाकं घसरली तर स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात राहते, ते अंडरस्टीअर.

आपली सवयच आपल्याला फसवते

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे. बहुतेक जणांनी ड्रायव्हिंग शिकलेलं असतं पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीवर. ती मुद्दाम अशी बनवलेली असते की वळणात वेग जास्त झाला तर आधी पुढची चाकं घसरावीत. गाडी बाहेर जायला लागते, माणूस घाबरतो, पाय उचलतो. वजन पुढे येतं, पुढच्या चाकांची पकड परत येते, गाडी ओळीत येते. घाबरून केलेलं कामच बरोबर ठरतं. मित्राने वीस वर्षं अशा गाड्या चालवल्या, आणि त्या वीस वर्षांत त्याच्या पायाने शेकडो वेळा हाच धडा गिरवला: शंका आली की पाय उचल.

मागून सुटणाऱ्या गाडीत तेच काम उलटं पडतं. पाय उचलला की मागचं वजन आणखी कमी होतं, गाडी आणखी फिरते, माणूस आणखी घाबरतो आणि आता ब्रेकही मारतो. उरलेलीही पकड जाते. मित्र खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबाने त्याने सावधपणाच केला होता.

इंजिन मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे असलेल्या गाडीत हे जास्त जोराने होतं. गुळगुळीत टेबलावर हातोडी दांड्याच्या बाजूने पुढे ढकलून पाहा; लोखंडी डोकं मागे राहायला तयार नसतं, वळसा घालून पुढे येऊ पाहतं. पोर्शची ९११ ही अशीच, मागे इंजिन असलेली गाडी. १९७५ मध्ये तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, जोडून २६० अश्वशक्तीची केली, तेव्हा वळणात लोक गडबडायचे. एक्सलरेटर दाबला की आधी काहीच होत नसे आणि मग टर्बोची ताकद एकदम यायची. घाबरून पाय उचलला की पाठ फिरायची. विधवा करणारी गाडी, असं तिचं टोपणनाव पडलं होतं. आजच्या ९११ फार सुधारल्या आहेत. पण हातोडीचं डोकं अजून मागेच आहे.

"पण वेग तर कमी होता!"

मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. कमी म्हणजे कशाच्या मानाने? वळणाला स्वतःची वेगमर्यादा असते, ती पाटीवर लिहिलेली नसते, आणि ती रस्त्यावर काय पसरलंय त्यावर ठरते. ३० मीटर त्रिज्येचं घाटातलं घट्ट वळण घ्या. कोरड्या स्वच्छ डांबरावर चांगल्या टायरची पकड साधारण वजनाच्या ०.९ पट असते. त्या हिशेबाने ५८ किलोमीटर वेगापर्यंत गाडी टिकते. ओल्या रस्त्यावर पकड ०.५ वर आली तर मर्यादा ४३ वर येते. आणि चिखलाचा पातळ थर असेल, पकड ०.३ असेल, तर ३३. तेच वळण, तीच गाडी, तोच माणूस.

आपल्या माळव्यात हा चिखल साधा नाही. काळी माती ओली झाली की साबणासारखी होते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या खाचांतून तिची ढेकळं रस्त्यावर पडतात, मागून येणारी वाहनं ती चिरडतात, आणि डांबरावर तिचा लेप बसतो. डांबर काळं, मातीही काळी. दिसत नाही. आमच्या वळणावर मी नंतर उतरून बोटाने पाहिलं, तर बोट पिठात बुडवल्यासारखं माखलं. समोर ट्रॅक्टर का होता आणि रस्ता का निसरडा होता, या दोन प्रश्नांचं उत्तर एकच होतं.

उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसातही असंच होतं. महिनोन्महिने साठलेली धूळ, तेलाचे थेंब, रबराचा भुगा हे सगळं पहिल्या सरीत वर तरंगतं. उलट दोन तास धो धो पाऊस पडून गेला की रस्ता धुऊन निघतो आणि थोडा बरा होतो. इंदूरच्या बायपासवर किंवा सुपर कॉरिडॉरसारख्या मोठ्या रस्त्यावर धोका वेगळा: तिथे वेग असतो आणि साचलेलं पाणी असतं. टायरला पाणी बाजूला सारायला वेळ मिळाला नाही तर तो पाण्यावर तरंगतो. रुंद आणि झिजलेला टायर लवकर तरंगतो. म्हणून स्पोर्ट्स कारचे रुंद टायर, जे कोरड्यात वरदान असतात, तेच पावसात आधी हात टेकतात.

टायर नवे दिसतात, नवे नसतात

घाटातून परत आल्यावर मी टॉर्च घेऊन मित्राच्या गाडीखाली वाकलो. मागच्या टायरच्या खाचा छान खोल होत्या. आपल्याकडे कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, इथे त्याच्या तिपटीहून जास्त होती. गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं, "टायर नवेच आहेत, नऊ हजार किलोमीटरच झालेत." नऊ हजार हे खरं असेलही.

टायरच्या बाजूवर लांबोळक्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चिखल पुसल्यावर दिसलं: २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा, जून महिना. टायर आठ वर्षांचे होते. नख दाबलं तर रुततच नव्हतं. खाचांच्या तळाशी केसांएवढ्या बारीक भेगा होत्या.

हौसेची गाडी वर्षातला बराच काळ कापडाखाली उभी असते. किलोमीटर होत नाहीत, खाचा झिजत नाहीत, पण रबर हवेने आणि उन्हाने कडक होत जातं. शाळेच्या दप्तरात राहून गेलेलं खोडरबर आठवा: झिजलेलं नसतं, पण खोडतही नाही, नुसतं घसरतं. सेकंडहॅंड स्पोर्ट्स कार घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो, की इंजिनचा आवाज ऐकण्याआधी खाली वाकून ते चार आकडे वाचा.

थंडीचीही एक गोष्ट आहे. वेगासाठी बनवलेल्या टायरचं रबर गरम झाल्यावर चिकटतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली असताना घरातून निघून पहिल्याच वळणावर जोर लावला, तर तो टायर अजून झोपेतच असतो.

"गाडीत इलेक्ट्रॉनिक्स असतं की!"

असतं, आणि ते फार मोलाचं आहे. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची डुसेनबर्ग एसजे घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून खास बॉडी चढवून घेतली होती. ३२० अश्वशक्तीचा दावा, सगळी ताकद मागच्या चाकांना, आणि मदतीला फक्त चालवणाऱ्याचे हात. वेगवान गाड्यांचं वेड आमच्या इंदुरात जुनंच आहे. मदत तेवढी नवी आहे.

ही मदत म्हणजे ईएससी, स्थिरता सांभाळणारी यंत्रणा. बॉश कंपनीने बनवलेली ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. स्टेअरिंग कुठे वळलंय आणि गाडी खरोखर किती फिरतेय, हे ती सतत ताडून पाहते. गाडी मागून सुटायला लागली की ती वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला आपणहून ब्रेक लावते आणि फिरणारं तोंड परत ओढून आणते. इतक्या झटपट, की चालवणाऱ्याला फक्त काचेमागचा दिवा लुकलुकलेला दिसतो.

मग आमच्या वेळी काय झालं? दोन गोष्टी. बऱ्याच गाड्यांत 'स्पोर्ट' मोड लावला की ही यंत्रणा हात आखडता घेते, मागच्या चाकांना जास्त घसरू देते. मित्राने घाट लागला म्हणून हौसेने तोच मोड लावला होता. आणि दुसरं, ईएससी पकड वाटून देते, निर्माण करत नाही. ज्या चाकाला ती ब्रेक लावते त्या चाकाखालीही काळ्या मातीचा लेप असेल, तर ती तरी कशाला धरणार? माझं मत अगदी स्पष्ट आहे: सार्वजनिक रस्त्यावर, ओल्यात तर नक्कीच, ती बंद करू नये आणि सैलही करू नये. कितीही अनुभवी असाल तरी.

"स्टेअरिंग उलटं फिरवलं की झालं!"

हे अर्धं खरं आहे. गाडीची पाठ उजवीकडे गेली तर स्टेअरिंगही उजवीकडे फिरवायचं, म्हणजे जिथे जायचंय तिकडे पुढची चाकं रोखायची. नजर कठड्यावर नाही, मोकळ्या रस्त्यावर ठेवायची, कारण हात नजरेच्या मागे जातात. ब्रेक नाही. एक्सलरेटर एकदम सोडायचाही नाही, एकदम दाबायचाही नाही. जिथे आहे तिथून हळूच सैल करायचा.

पण लोक सांगतात त्यात पुढचा भाग गाळलेला असतो. मागचे टायर पुन्हा पकड धरतात तो क्षण खरा धोक्याचा. त्या वेळी स्टेअरिंग उलटंच धरून ठेवलेलं असेल, तर गाडी झोपाळ्यासारखी दुसऱ्या बाजूला झेप घेते, पहिल्यापेक्षा जोरात. दुभाजकावर चढलेल्या अनेक गाड्या पहिल्या झोक्यात सावरलेल्या असतात आणि दुसऱ्यात जातात. म्हणून पकड आली की स्टेअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करावं लागतं. आणि गाडी सावरण्यापलीकडे गेलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही तळापर्यंत दाबून तिला थांबू द्यायचं.

हे सगळं घडतं एका सेकंदाच्या आसपास. काय झालं हे कळायलाच बहुतेकांना जवळपास तेवढा वेळ लागतो. सराव असेल तर जमतं, आणि सराव रस्त्यावर करायचा नसतो. पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ पासून सुरू आहे; तिथे गाड्यांची परीक्षा बंद आवारात, मोकळ्या जागेत घेतात, कारण चाचणी करणारे व्यावसायिकही ही गोष्ट उघड्या रस्त्यावर करत नाहीत. रस्त्यावर आपल्या हातात उरतं ते आधीचं काम: वळणात शिरण्यापूर्वी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करणं, गिअर आधीच टाकणं, आणि वळणभर पाय हलका पण स्थिर ठेवणं. त्या सकाळी आम्ही तिसाने शिरलो असतो, तर ट्रॅक्टर दिसल्यावर पाय उचलूनही टायरच्या खिशात पैसे शिल्लक असते.

"मामा, माझी गाडी तर पुढच्या चाकांवर चालते"

भाच्याला वाटलं, हा सगळा श्रीमंतांचा प्रश्न. मी त्याला ऑडी टीटीची गोष्ट सांगितली. १९९८ मध्ये आलेली ही देखणी गाडी पुढच्या किंवा चारही चाकांवर चालायची. तरी जर्मनीतल्या महामार्गांवर भरधाव असताना एकदम लेन बदलली किंवा पाय उचलला की ती मागून सुटायची. जीवघेणे अपघात झाले. शेवटी कंपनीने गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं, मागे हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारी पट्टी, म्हणजे स्पॉयलर, बसवली आणि ईएससी दिलं. चाकं कोणतीही फिरोत, मागच्या टायरवर वजन राहिलं नाही की तो सुटतो.

भाच्याच्या छोट्या गाडीचे दोन टायर बदलायचे होते, म्हणून मागच्या महिन्यात आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलंही नाही, जॅक सरळ पुढे लावला. त्याचं म्हणणं, इंजिन पुढे, ताकद पुढे, झीजही पुढे, मग नवे टायर पुढेच. जगभर टायर बनवणारे याच्या उलट सांगतात. चांगले टायर मागे घाला, कारण पुढचे घसरले तर पाय उचलून गाडी सावरता येते, मागचे घसरले तर तोच पाय घात करतो. पाच मिनिटं वाद झाला. मग भाच्यानेच दुकानदाराला बाहेरच्या नळाशी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या एका सायकलपाशी नेलं, तिचं मागचं चाक दोन बोटांनी उचलून धरलं आणि सीटला बाजूने हलकाच धक्का दिला. सायकल पुढच्या चाकाभोवती गर्रकन फिरली. दुकानदाराने एकदा सायकलकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि मुलाला हाक मारली, "छोटू, जॅक पीछे लगा."